अभ्यासक्रमाचे पाणी टेलपर्यंत

जून-जुलै उजाडला की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या पुस्तकांच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘सिलॅबस बदलला का हो यंदा?’ दुकानदार मान हलवतो, गेल्या वर्षीची पुस्तके मागच्या फळीवर जातात आणि ज्याने थोरल्या भावाची पुस्तके जपून ठेवलेली असतात त्याचा हिरमोड होतो. सिलॅबस बदलला, एवढेच आपण म्हणतो. पण तो कोणी बदलला, कुठे बसून बदलला, त्याला कोणी मान्यता दिली, हे फारसे कोणी विचारत नाही. पाऊस पडतो तसा सिलॅबस बदलतो, अशीच आपली समजूत असते.

मी या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. काही वर्षे अभ्यास मंडळात आणि विज्ञान विद्याशाखेच्या बैठकीतही बसलो. या कामकाजालाही एक इतिहास आहे आणि तो आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात चांगलाच मिसळलेला आहे. त्याबद्दल आज चार गोष्टी सांगतो.

आपल्याकडच्या श्रोत्यांना कालव्याचे वेगळे सांगायला नको. सिद्धेश्वरच्या धरणातून पाणी सुटते, मुख्य कालव्यातून वितरिकेत येते, वितरिकेतून चारीत आणि चारीतून शेतात. धरणाजवळच्या शेतकऱ्याला पाणी कधी सुटले ते लगेच कळते. टेलच्या शेतकऱ्याला मात्र ते आले तरच कळते. विद्यापीठाच्या कारभारात हिंगोली फार वर्षे टेलला होती. धरण आधी हैदराबादेत होते, मग औरंगाबादेत, मग नांदेडला आले. या तीन मुक्कामांची ही गोष्ट आहे.

पहिला मुक्काम हैदराबादचा. निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन केले. त्या काळी मुंबई, कलकत्ता, मद्रास या विद्यापीठांत सगळे उच्च शिक्षण इंग्रजीतून चाले. उस्मानियाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम ठरवले आणि इंग्रजी ही सक्तीची भाषा म्हणून ठेवली. एका भारतीय भाषेतून विद्यापीठाचे शिक्षण द्यायचे, हे त्या काळी मोठे धाडस होते. पण विज्ञानाची पुस्तके उर्दूत होती कुठे? म्हणून विद्यापीठाच्या आधी, १९१७ साली, भाषांतराचे खाते उभे राहिले. त्याला दारुल तर्जुमा म्हणत. मौलवी अब्दुल हक हे त्याच्या सुरुवातीच्या प्रमुखांपैकी एक. पुढे ते औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले.

या खात्यापुढे जो प्रश्न आला, तो आजही प्रत्येक अभ्यास मंडळापुढे येतो. नव्या संज्ञा घ्यायच्या कुठून? काहींचे म्हणणे, अरबी धातूंवरून घडवा. वहीदुद्दीन सलीम यांच्यासारखे विद्वान म्हणत, लोकांच्या बोलण्यातल्या भाषेशी नाते ठेवा. त्यासाठी त्यांनी १९२१ साली एक पुस्तकच लिहिले. समित्या बसत, एकेका शब्दावर वाद होई आणि मग तो शब्द पुस्तकात जाई. अशा रीतीने भौतिकशास्त्राला तबीइयात, रसायनाला कीमिया, वनस्पतिशास्त्राला नबातियात, प्राणिशास्त्राला हैवानियात आणि गणिताला रियाजी हे शब्द रूढ झाले.

आता आपल्या भागातल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. घरात मराठी, शाळेत उर्दू, आणि पुढे कॉलेज करायचे तर औरंगाबाद किंवा थेट हैदराबाद. अभ्यासक्रम देशी भाषेत होता, पण ती भाषा या मुलाच्या घरची नव्हती. उस्मानियाचा प्रयोग मोठा होता यात शंका नाही. विज्ञान इंग्रजीशिवाय शिकवता येते, हे त्यांनी तीस वर्षे करून दाखवले. पण ज्या बैठकांत हे ठरत होते, त्यांत मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेचा आवाज जवळजवळ नव्हता. १९३८ साली वंदे मातरम् गाण्यावर बंदी आली तेव्हा विद्यार्थी वसतिगृहांतून बाहेर पडले, अनेकांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले, आणि त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. संस्थानाविरुद्धच्या त्या असंतोषात शिक्षणात आपले काही चालत नाही, ही भावनाही होतीच.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. तीस वर्षे घडवलेल्या संज्ञा, छापलेली पुस्तके, तयार झालेले प्राध्यापक, सगळ्यांना एकदम दुसऱ्या रुळावर जावे लागले. एक धोरण बदलले की अभ्यासक्रमातले किती काय वाहून जाते, त्याचे आपल्या भागातले हे सर्वांत मोठे उदाहरण.

त्याच सुमारास मराठवाड्यात महाविद्यालये निघू लागली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज सुरू झाले. दोन्ही उस्मानियाला जोडलेली होती. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. पण महाविद्यालये १९५८ पर्यंत उस्मानियाकडेच राहिली. म्हणजे राज्य मुंबईचे आणि परीक्षा हैदराबादची, अशी दोन वर्षे गेली.

दुसरा मुक्काम औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. न्यायमूर्ती पळणिटकरांच्या समितीने मराठवाड्याला स्वतंत्र विद्यापीठ हवे अशी शिफारस केली आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. ते मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले होते. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, त्याची शंभर वर्षांची कागदपत्रांची शिस्त होती. अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद आणि वर कार्यकारी मंडळ ही उतरंड आपल्याकडे रुजली ती त्याच परंपरेतून.

या उतरंडीत कोणाचे काम काय, ते थोडक्यात सांगतो. अभ्यास मंडळ हे एकेका विषयाचे असते. रसायनशास्त्राचे वेगळे, प्राणिशास्त्राचे वेगळे. अभ्यासक्रमाचा मसुदा तिथे तयार होतो. अशा सगळ्या मंडळांचे अध्यक्ष आणि इतर सदस्य मिळून विद्याशाखा बनते आणि अधिष्ठाता तिचे अध्यक्षस्थान भूषवतात. एका विषयाचा बदल दुसऱ्याच्या अंगावर येतो का, हे विद्याशाखेने पाहायचे. तिथून मसुदा विद्या परिषदेकडे जातो. शिकवणे, संशोधन आणि परीक्षा यांचा दर्जा सांभाळणे ही तिची जबाबदारी. पैशाचा किंवा नियमाचा प्रश्न असेल तर विषय व्यवस्थापन परिषदेपुढे जातो. १९९४ च्या कायद्याआधी तिला कार्यकारी परिषद म्हणत. या व्यवस्थेतले एक तत्त्व मला नेहमी शहाणपणाचे वाटत आले आहे. विद्या परिषदेने सुचवलेला अध्यादेशाचा मसुदा व्यवस्थापन परिषद फेटाळू शकते किंवा फेरविचारासाठी परत पाठवू शकते, पण त्यातले शब्द आपल्या मर्जीने बदलू शकत नाही. तिजोरी ज्यांच्या हाती आहे त्यांनी धडा लिहू नये, असा याचा साधा अर्थ.

बैठकीची भाषाही ऐकण्यासारखी असते. आधी मागच्या बैठकीचे इतिवृत्त कायम करायचे. मग विषयपत्रिकेवरचे विषय. काही मान्यतेसाठी, काही नुसते अवलोकनार्थ. काही विषय स्थगित होतात, काही पुनर्विचारार्थ परत जातात, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. नवख्या सदस्याला हा सगळा कागदी खेळ वाटतो. पण विषयपत्रिका आठ दिवस आधी हातात पडली की माणूस सहकाऱ्यांना विचारून येतो, प्रयोगशाळेतल्या सहायकाशी बोलून येतो. ऐनवेळी आलेल्या विषयावर मात्र बहुधा माना डोलावल्या जातात. कुलगुरूंनाही तातडीच्या प्रसंगी प्राधिकरणाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. १९९४ च्या कायद्यात तो कलम १४ (७) मध्ये होता, २०१६ च्या कायद्यात कलम १२ (७) मध्ये आहे. असा निर्णय नंतर प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो. अधिकार गरजेचा आहे. पण अभ्यासक्रमासारखी गोष्ट तातडीची म्हणून वारंवार या वाटेने जाऊ लागली, तर चर्चा मागाहून होते आणि मागाहून झालेल्या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही.

हिंगोलीहून औरंगाबाद दोनशे किलोमीटरहून अधिक. तेव्हा आपल्याकडून छोटी गाडी, म्हणजे मीटरगेज, पूर्णेला जायची. तिथे उतरायचे, गाडी बदलायची आणि रात्र काढून सकाळी औरंगाबाद गाठायचे. दोन तासांच्या बैठकीसाठी दोन दिवस मोडायचे. ज्येष्ठ प्राध्यापक सांगत, की लांबचे सदस्य येत नाहीत हे गृहीत धरूनच कामकाज चाले. गैरहजर माणसाच्या अडचणी इतिवृत्तात येत नाहीत. गावात गॅसची जोडणी नाही, प्रयोगशाळेत पाणी बादलीने भरावे लागते, या गोष्टी सांगणाराच तिथे नसेल तर ‘प्रात्यक्षिके : बारा’ असे छापायला काय हरकत?

याच काळात कोठारी आयोगाचा मोठा बदल आला. आयोग १९६४ ते १९६६ या काळात काम करत होता. त्याने सुचवलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने सत्तरीच्या दशकात स्वीकारला. १९७५ साली नव्या पद्धतीची पहिली दहावी बाहेर पडली. पी.यू.सी. संपली, अकरावी-बारावी मंडळाकडे गेली आणि बी.एस्सी.ची तीन वर्षे नव्याने आखावी लागली. पी.यू.सी.त शिकवायचे ते आता बारावीत शिकवले जाणार, मग प्रथम वर्षाला काय ठेवायचे? वरून पाहिले तर हा धड्यांच्या मांडणीचा प्रश्न. पण एखादा भाग अभ्यासक्रमातून गेला की त्याच्या तासिका जातात, तासिका गेल्या की कार्यभार घटतो आणि कार्यभार घटला की शिक्षकाचे पद धोक्यात येते. विद्याशाखेच्या बैठकीत एखाद्या प्रकरणावरून आवाज चढतो तेव्हा त्यामागे बहुधा हा हिशेब असतो. बाहेरच्यांना तो स्वार्थ वाटतो. लहान गावात मात्र एक पद गेले की पुष्कळदा तो विषयच बंद पडतो, आणि मग तालुक्यातल्या मुलीला तो शिकायला दुसऱ्या गावी पाठवायला घरचे तयार होत नाहीत.

माध्यमाचा प्रश्नही पुन्हा आला. भाषा संचालनालयाने १९६० पासून मराठी परिभाषा घडवायला घेतली. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने विज्ञानाची चांगली मराठी पुस्तके काढली. पण विज्ञानाचे शिक्षण इंग्रजीतच राहिले. आमच्या वर्गात फळ्यावर इंग्रजी आणि तोंडाने मराठी असा दुहेरी कारभार चाले आणि आजही चालतो. तो कोणत्याही ठरावात लिहिलेला नाही. मुलांना समजावे म्हणून शिक्षकांनीच तो चालवला.

तिसरा मुक्काम नांदेडचा. १७ सप्टेंबर १९९४, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. जनार्दन वाघमारे पहिले कुलगुरू. त्याच वर्षी महाराष्ट्र विद्यापीठ कायदाही लागू झाला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठाकडे आहेत. हिंगोलीहून नांदेड नव्वदेक किलोमीटर. सकाळच्या एसटीने निघावे, बैठक करावी आणि रात्री जेवायला घरी यावे. हजेरी वाढायला दुसरे कोणतेही कारण लागले नाही. माणूस बैठकीला गेला की बोलतो. मी स्वतः पहिल्यांदा बोललो तो भारनियमनाबद्दल. दिवसाचे सहा-आठ तास वीज नसते, तेव्हा विजेच्या उपकरणावरचे प्रयोग सकाळच्या सत्रात घेण्याची मुभा द्या, एवढीच मागणी होती. ती मान्य झाली. इतिवृत्तात दोन ओळी आल्या. त्या दोन ओळींचा उपयोग किती महाविद्यालयांना झाला, ते मी पाहिले आहे.

पण धरण जवळ आले तोच पाणी सोडण्याचा अधिकार आणखी वर सरकू लागला. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली आणि पुन्हा २००३ साली आदेश दिले आणि पर्यावरणाचा अभ्यास सर्व पदवी विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. त्याचा पाठ्यक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाने तयार केला. विषय चांगला, हेतू चांगला. शिकवायचे कोणी, हे मात्र महाविद्यालयांनी आपापसांत ठरवले. पुष्कळ ठिकाणी ते आमच्याच खात्याकडे आले.

मग बेडकाची गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या प्राणिशास्त्राचा विद्यार्थी विच्छेदनाच्या ताटलीवरच घडला. आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ साली ते पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत पूर्ण थांबवायला सांगितले. प्राण्यांची हानी टळली, हे चांगलेच झाले. कीटकनाशकांनी आणि आटलेल्या ओढ्यांनी बेडूक आधीच कमी केले होते. पण पर्याय म्हणून जे सांगितले गेले ते संगणकावरचे होते. एका महाविद्यालयात त्या वर्षी खात्याला संगणक होता, पण तो कार्यालयात ठेवलेला. मुलांनी तक्ते काढून दाखवले आणि वर्ष पार पडले. निर्णय योग्य होता, पण टेलला तो पोचला तेव्हा सोबत साधने पोचली नव्हती.

त्यानंतर २०१५ च्या सुमारास श्रेयांकांवर आधारित निवडीची पद्धत आली. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याने विद्याशाखा चारच ठेवल्या. विज्ञान आणि तंत्रज्ञान एकत्र आले, म्हणजे वनस्पतिशास्त्र, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र एकाच टेबलावर. त्याच कायद्याने अभ्यास मंडळावर उद्योगांतल्या आणि संशोधन संस्थांतल्या जाणकारांना घेण्याची, गुणवंत विद्यार्थ्यांना चर्चेला बोलावण्याची वाट मोकळी केली. आणि आता २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. मुख्य विषय किती श्रेयांकांचा, गौण विषय किती, भारतीय ज्ञानप्रणालीला किती, प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला किती, हा सांगाडा शासनाच्या निर्णयातून येतो. तीन वर्षांना १३२ श्रेयांक आणि चार वर्षांना १७६. अभ्यास मंडळाने त्या सांगाड्यात मजकूर भरायचा.

यावर दोन टोकांची मते मी ऐकतो. एक म्हणते, आता अभ्यास मंडळाला काही उरले नाही, रकाने भरण्याचे काम. दुसरे म्हणते, देशभर एकच चौकट असली की आपल्या मुलाला पुण्या-मुंबईत जाऊन पुढचे शिकता येते. दुसऱ्या मतात तथ्य आहे. हिंगोलीच्या मुलाचे श्रेयांक पुण्यात चालणे ही लहान गोष्ट नाही. पण रकान्यात काय भरायचे हा अधिकार आजही मंडळाकडे आहे आणि तो वापरला तर बरेच काही होते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात जोडलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेले हे यंत्र प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल टिपणार आहे. लेसर, निर्वात नळ्या, भूकंपमापन यांवरचे एक छोटे प्रात्यक्षिक आपल्या बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्रात असावे, हे दिल्लीहून कोणी सुचवणार नाही. वसमतची हळद देशभर जाते. तिच्यातले कर्क्युमिन वेगळे काढून मोजण्याचा प्रयोग रसायनशास्त्राच्या मंडळाला ठेवता येतो. प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण हळदीच्या प्रक्रिया केंद्रात देता येते. त्यासाठी कोणीतरी मसुदा लिहून मुदतीत पाठवायचा असतो आणि बैठकीला जाऊन बसायचे असते.

म्हणून माझे सांगणे दोघांना आहे. तरुण प्राध्यापकांना सांगतो, अभ्यास मंडळावर नाव आले तर ते मानाचे पद समजून भिंतीवर लावू नका. विषयपत्रिका आली की आपल्या प्रयोगशाळेत किती सूक्ष्मदर्शक चालू आहेत ते मोजा आणि तो आकडा घेऊन जा. पालकांना आणि विद्यार्थ्यांना सांगतो, अभ्यासक्रम जड वाटला, प्रयोग झालेच नाहीत, पुस्तक मिळाले नाही, तर ते लेखी कळवा. तोंडी तक्रार वऱ्हांड्यात विरून जाते. कागदावर आलेली तक्रार एखाद्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर चढू शकते. आता नांदेड दोन-अडीच तासांवर आहे आणि टपाल तर त्याहून सोपे आहे. पुढच्या जूनमध्ये दुकानात ‘सिलॅबस बदलला का?’ असे विचाराल, तेव्हा त्याच्या पाठोपाठ ‘आपल्याकडून तिथे कोण गेले होते?’ हेही विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)